चिकट्यांचं सार

आमच्या घरात विज्ञान शिरलं ते कालवांच्या टोपलीतून. मला तेव्हा वाटायचं की ते माझ्यामुळे शिरलं. वाडीतून एम.एस्सी.ला गेलेली पहिली मुलगी मी, आणि त्या गोष्टीचा ताठा इतका, की कालवं सोलायला बसतानाही मी पुस्तक मांडीवर उघडून ठेवत असे. वाचत नसे, नुसतं ठेवत असे. खरं तर मी फक्त शब्द आणत होते. ज्या वस्तूंसाठी ते शब्द होते त्या आई आणायची, डोक्यावरून, पाणी गळणाऱ्या टोपलीतून. आमची वाडी आरे-वारेच्या अलीकडे, डोंगर आणि समुद्र यांच्यात जेमतेम मावलेली. बाबा लाँचवर तांडेल होते, म्हणजे सात-आठ खलाशांचे मुख्य. लाँच कुठं न्यायची, जाळं कधी टाकायचं, कधी ओढायचं, सगळं त्यांच्या शब्दावर. घरात मात्र त्यांना कुणी विचारत नसे. घरात आईचं राज्य होतं, आणि त्या राज्यात बाबा सुट्टीवर आलेल्या पाहुण्यासारखे राहायचे, खूश असायचे.

आईला घड्याळ कळत होतं, पण तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तिचं गणित. द्वितीया असली की दुपारी दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातला पाणी पार खाली गेलेलं. हे सगळं ती भाकरी थापता थापता करायची. मी एकदा कॅल्क्युलेटर घेऊन तिची परीक्षा घ्यायला बसले. "काय सांगतंय तुजं यंत्र?" तिने विचारलं. बरोबर सांगतंय, म्हटलं. "मग मी काय खोटं सांगतंय?" असं म्हणून तिने तव्यावरची भाकरी उलटली. ओहोटीला ती लोखंडी टोचा आणि टोपली घेऊन खडकांवर जायची, उकिडवी बसून कालवांची शिंपली फोडायची, आणि परत आली की घरभर शेवाळाचा, मिठाचा आणि ओल्या लुगड्याचा वास. कालवं परतायची, त्यात ओलं खोबरं, चार आमसुलं, आणि वर तांदळाची भाकरी. अजूनही कुणी मला सर्वांत चांगलं जेवण कोणतं विचारलं, तर मी काहीतरी दुसरंच सांगते. त्या जेवणाचं नाव घेववत नाही.

त्याच खडकांच्या कपारींत, मोठ्या उधाणाच्या ओहोटीलाच उघड्या पडणाऱ्या डबक्यांत, हिरवट-तपकिरी फुलांसारखे प्राणी बसलेले असतात. पुस्तकात त्यांना समुद्रफूल म्हणतात. आमच्या घरात ती चिकटी. बोट लावलं की पाकळ्या बोटाला चिकटतात आणि हात काढून घेतला की जरा चुरचुरतं, म्हणून आईने एका चिकट्याचं बारसं केलं आणि तेच नाव सगळ्यांना पडलं. माझ्या कॉलेजातल्या सरांना कुठल्याशा परदेशी नियतकालिकातला, तिकडच्या समुद्रफुलांत सापडलेल्या एका प्रथिनावरचा लेख मिळाला होता आणि त्यांच्या डोक्यात भरलं होतं की आपल्या किनाऱ्यावरच्या समुद्रफुलांतही तेच प्रथिन असणार. ते शोधायचं काम त्यांनी मला दिलं. मी दोन आठवडे खडकांवर घसरून गुडघे फोडून घेतले आणि अकरा चिकटी आणली. आई एका ओहोटीत पाऊण टोपली घेऊन आली. तिला ती कुठं बसतात हे लहानपणापासून ठाऊक होतं, फक्त त्यांचा उपयोग माहीत नव्हता.

उपयोग मी तिला सांगितला. रोज सांगितला, जेवताना, ताटात बोट आपटून आपटून. आपण खाल्लेली मासळी, डाळ, त्यातली प्रथिनं कापायला शरीर एक कात्री तयार करतं, तिचं नाव ट्रिप्सिन. पोटाच्या मागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते, तिच्यात ती बनते. पण ग्रंथी शहाणी असते, कात्री मिटलेली ठेवते आणि आतड्यात पोचल्यावरच उघडू देते. आता या चिकट्याच्या अंगात एक इवलंसं प्रथिन आहे. ट्रिप्सिनच्या तोंडात एक खोलगट खाच असते. या प्रथिनाचं एक टोक त्या खाचेत इतकं नेमकं बसतं की ट्रिप्सिनला वाटतं, खाणं आलं. ते चावायला जातं आणि चावा पुरा होत नाही. तोंड मिटता येत नाही, उघडता येत नाही. आणि गंमत म्हणजे चिकट्याने माणूस कधी खाल्लेला नाही, माणसाच्या पोटात ते कधी गेलेलं नाही, तरी ते माणसाच्या ट्रिप्सिनलाही असंच धरणार, असं सर म्हणतात. त्या प्रथिनाला आतून तीन पक्क्या गाठी असतात, म्हणून ते उकळलं तरी मोडत नाही, त्याचा गुण जात नाही.

हे शेवटचं वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन. आम्ही प्रयोगशाळेत चिकटी वाटून, गाळून, तो रस उकळायचो, कारण उकळल्यावर बाकीची प्रथिनं साका होऊन खाली बसतात आणि आपलं तेवढं वर शाबूत राहतं. मला या गोष्टीचं फार कौतुक होतं. "उकळलं तरी मरत नाही," मी सांगायची, जणू तो माझाच गुण होता.

बाबा भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकायचे. एकदा म्हणाले, "पंख्यात दोर गेला म्हन की." लाँचच्या पंख्यात जाळ्याचा दोर गेला की पंखा फिरत फिरत तो स्वतःवरच गुंडाळून घेतो आणि मग जागच्या जागी अडकतो. मी सरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, वहीत लिहून घेतलं. त्यानंतर बाबा घरी असले की माझ्या हातात पाण्याचा तांब्या देऊन विचारायचे, "काय गो नंदू, आज कुनी कुनाला धरलान?" पुढे मी तीसेक वर्षं शिकवलं, हुशार मुलं शिकवली, पण माझ्या कामाबद्दल इतक्या आस्थेने विचारणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

आमची तपासणीची पद्धत गरिबाची होती. एक्स-रेच्या फिल्मवर जिलेटिनचा काळा थर असतो, आणि जिलेटिन हेही प्रथिनच. फिल्मची पट्टी कापायची, त्यावर ट्रिप्सिनचा एक थेंब ठेवायचा, थोडा वेळ उबेत ठेवून नळाखाली धरायची. थेंबाखालचा काळा थर खाऊन टाकलेला असतो. तिथे स्वच्छ काच दिसावी तशी खिडकी पडते. ट्रिप्सिनमध्ये आधी चिकट्याचा रस मिसळला तर खिडकी पडत नाही. पट्टी काळी राहते. काळी राहिली की आम्ही आनंदायचो. जुन्या, टाकून द्यायच्या फिल्म मी रत्नागिरीतल्या एका डॉक्टरांकडून आणायची. त्यांचं स्वतःचं लहानसं इस्पितळ होतं, आणि मी गेले की ते म्हणायचे, "या, आमची हाडं न्यायला आलात?" लोकांच्या बरगड्या, मोडलेले हात, एखादं गिळलेलं नाणं, सगळं मी कात्रीने कापून पट्ट्या करत असे. त्या लोकांचं काय झालं असेल, हा विचार मला कधी शिवला नाही. वय तसं होतं.

थंडी सरत आली होती. बाबा दोन दिवस समुद्रावर होते ते दुपारी परत आले, जेवले, आणि हात धुताना जे वाकले ते सरळ झाले नाहीत. बेंबीच्या वर दुखतंय म्हणाले, आणि ते दुखणं पाठीतून आरपार निघालं होतं. आडवं पडलं की वाढायचं, म्हणून उशी पोटाशी धरून पुढे झुकून बसले. उलट्या सुरू झाल्या. ज्या माणसाने जाळ्याच्या दोरात बोट सापडून नख गेलं तरी "काय नाय" म्हटलं होतं, तो माणूस कण्हताना मी पहिल्यांदा ऐकला. शेजारच्यांच्या टेम्पोत घालून आम्ही त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेलं, कारण मला दुसरं कुणी माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि पहिला प्रश्न केला, "घेता का?" बाबा म्हणाले, "शिमग्याला पन नाय." थोड्या वेळाने तिथल्या दुसऱ्या डॉक्टरने तेच विचारलं, मग नर्सने. तांडेल म्हटला की दारू आलीच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. तिसऱ्यांदा आईचा तोल गेला. "त्येंच्या तोंडाला वास येतोय काय? मासळीचा येत असल तर येऊ दे!" दुसऱ्या दिवशी कळलं की दोष दारूचा नव्हता. पित्ताशयातला एक बारीक खडा घरंगळून नळीच्या तोंडाशी बसला होता. स्वादुपिंडाच्या रसाची बाहेर पडायची वाटच बंद झाली, आणि जो रस आतड्यात जाऊन जागा व्हायचा तो आतल्या आतच जागा झाला. डॉक्टर खाटेशी उभे राहून सांगत होते, माझ्याकडे बघून, कारण मला समजेल असं त्यांना वाटलं. "ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. ट्रिप्सिन तुला माहीतच आहे."

बाबांनी डोळे उघडले. त्या दुखण्यातही त्यांना तो शब्द ओळखीचा लागला. "नंदू," ते म्हणाले, "ह्यो तुजाच ना गो?"

मी हो म्हटलं. वर्षभर ज्याचं नाव घेऊन मी घरात मिरवत होते ते आता माझ्या बापाच्या पोटात होतं, आणि मी त्याला चांगलं ओळखत होते, त्याचं तोंड कसं आहे, खाच कुठे आहे, काय घातलं की ते गप्प बसतं, सगळं. आणि मी हातात स्टीलचा रिकामा पेला धरून उभी होते. तो पेलासुद्धा उपयोगाचा नव्हता, कारण बाबांना पाणी द्यायचं नव्हतं. उपचार एवढाच होता: सलाइन, दुखण्याची इंजेक्शनं, आणि तोंडाने काही म्हणजे काही नाही. पोटात घोटभर काही गेलं तरी ग्रंथीला निरोप जातो की रस सोड. तिला झोपू द्यायचं. डॉक्टरांनी हे आईला दोनदा सांगितलं. आईने मान हलवली. ओठांना ओला कापूस लावायची तेवढी परवानगी होती. बाबा तो कापूस चोखायचे आणि आई मग तो ओढून घ्यायची, आणि तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावायची.

मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, ट्रिप्सिनला धरणारं असं प्रथिन बाबांना देता येणार नाही का. ते माझ्यावर चिडले नाहीत, हे मला आज विशेष वाटतं. म्हणाले, गुरांच्या फुप्फुसांतून काढलेलं असंच एक प्रथिन असतं, तेही ट्रिप्सिनला असंच धरतं, त्याची इंजेक्शनं लोकांनी देऊन पाहिली. काचेच्या नळीत चाललं, माणसात चाललं नाही. रोगी दवाखान्यात येईपर्यंत आग आत पसरलेली असते आणि औषध तिथपर्यंत पोचत नाही. मग मी सरांकडे गेले. फ्रिजमधली माझी बाटली मी हातात घेतली होती, घेतल्याचं मला कळलंही नव्हतं. सरांनी ती माझ्या हातातून काढून परत ठेवली. "नंदा, या बाटलीत ते एकटं नाही. ज्या विषाने चिकटं मासा मारतं तेही यात असू शकतं. यातलं काय हृदय बंद पाडेल ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही." मला हे माहीत होतं. मला हे सगळं माहीत होतं, आणि माहीत असण्याचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही.

चौथ्या दिवशी बाबांचं पोट फुगलं. डॉक्टरांनी सुई घालून आतलं पाणी काढलं, तपासायला. लालसर, गढूळ. सिरिंजमध्ये थोडं उरलं होतं. ते मला द्या, मी म्हटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता एका बाटलीत घालून दिलं. मी ती बाटली बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेली. तोवर आम्ही गाईगुरांच्या ट्रिप्सिनवरच काम केलं होतं. माणसाचं आम्हाला कुठून मिळणार. मी एक पट्टी कापली. तीन थेंब ठेवले: एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा, एक बाबांच्या पोटातल्या पाण्याचा, एक त्याच पाण्यात चिकट्याचा रस मिसळून. मग उबेत ठेवून घड्याळाकडे बघत बसले. नळाखाली धरली तेव्हा मधल्या थेंबाखाली खिडकी पडली होती. तिच्यातून मला समोरचं आंब्याचं झाड दिसलं. तिसरा थेंब होता तिथे पट्टी काळी. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. आईने ज्या खडकांवरून खरवडून आणलं होतं ते माझ्या बापाच्या अंगातल्या आगीला धरून बसलं होतं, सुटत नव्हतं.

मी रडले आणि हसलेही. आणि ती पट्टी घेऊन मी पळत इस्पितळात गेले. माझ्या आयुष्यातली चूक ती. पट्टी सरांना दाखवायची होती, वहीत चिकटवायची होती. मी ती आईला दाखवली.

"थांबलं!" मी म्हटलं.

"काय थांबलं?"

"बाबांच्या पोटातलं. आपल्या चिकट्यांनी थांबवलं. हे बघ, काळं राहिलंय."

आईने पट्टी हातात घेऊन उजेडाकडे धरली. बाबा अर्धवट गुंगीत होते, तरी म्हणाले, "पंख्यात दोर." त्यावर मी पुढचं वाक्य बोलले, की हे पट्टीवर झालं, पोटात असं देता येत नाही. बोलले, पण हळू बोलले. त्या दोघांचे चेहरे इतक्या दिवसांनी उजळले होते आणि ते विझवायला माझा आवाज मोठा होईना. आईने ऐकलं की नाही, मला कळलं नाही. ती मनात काहीतरी मोजत होती. सलाइनचे थेंब मोजत असेल असं मला वाटलं. ती तिथी मोजत होती.

त्या दिवशी प्रतिपदा होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मी इस्पितळात गेले तेव्हा आई खाटेवर बाबांच्या उशाशी बसलेली होती, आणि मांडीवर आमचा पितळी डबा. लुगड्याचा काठ ओला होता. खोलीत आमसुलाचा आणि शेवाळाचा वास होता. त्या वासाने मला आधी भूक लागली, हे मला इथे लिहायला हवं. आधी भूक लागली, मग समजलं.

"आई, हे काय आहे?"

"चिकट्यांचं सार," ती म्हणाली. दबक्या आवाजात, पण तोंडावर समाधान. "सकाळच्या ओहोटीला जाऊन आले. दोनदा धुतली, वाटली, चांगली उकळवली. उकळलं तरी गुन जात नाय ना त्येचा? खोबरं नाय घातलं, जड पडल म्हनून. सा-सात चमचे घेतलानी ह्येंनी."

बाबा माझ्याकडे बघून हसले. चार-पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या जिभेला चव लागली होती. "खारट हाय," ते म्हणाले, "पन बरं वाटलं गो."

मी काय करायला हवं होतं? ओरडायला? डबा हिसकावून घ्यायला? मी डबा घेतला, झाकण लावलं, आणि म्हटलं, "पुरे आता, आई." इतकंच. मग बाहेर जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते जेवायला निघाले होते. किती, त्यांनी विचारलं. सहा-सात चमचे. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग आत जाऊन नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं. आईला सांगितलं की ही नळी आज घालायचीच होती.

संध्याकाळी दुखणं परत उसळलं. ताप चढला. मी खाटेचा दांडा धरून उभी होते आणि मनात एकच वाक्य फिरत होतं, की हे मी केलं. सर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. आई देवाचं नाव घेत होती आणि मधूनमधून मला विचारत होती, "लागू पडंल ना गो? वेळ लागत असंल." मी हो म्हणत होते. त्यानंतर तिसऱ्या दिवशी भर दुपारी, बाहेर रस्त्यावरून शाळेची मुलं ओरडत घरी चालली होती, तेव्हा बाबा गेले. शेवटचे दोन दिवस त्यांना शुद्ध नव्हती.

मी डॉक्टरांना नंतर जाऊन विचारलं. खरं सांगा, म्हटलं. ते म्हणाले, "पोटातलं पाणी पाहिलं तेव्हाच मला आशा वाटत नव्हती. सहा चमच्यांनी काही बदललं नसेल. कदाचित." त्यांनी तो शेवटचा शब्द उच्चारला नसता तर बरं झालं असतं. पण ते खरं बोलणारे गृहस्थ होते, आणि मी खरंच विचारलं होतं.

प्रबंध मी पुरा केला, गाईगुरांच्या ट्रिप्सिनवर. माणसाच्या ट्रिप्सिनचा एकही शब्द त्यात नाही. सरांनी एकदाच विचारलं, मग विचारलं नाही. पुढे मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले, लग्न केलं नाही, आईला घेऊन रत्नागिरीत राहायला आले. वाचायची सवय मात्र सुटली नाही, आणि त्या सवयीपायी एक दिवस असं काही वाचलं जे वाचायला नको होतं. आतड्यातलं ट्रिप्सिन कुणी असं धरून बसवलं, तर शरीराला वाटतं की रस कमी पडला, आणि ते ग्रंथीला आणखी रस सोडायला सांगतं. उंदरांत तरी असं होतं. म्हणजे आईचं सार निरुपयोगी होतं असंही मला धड म्हणता येत नव्हतं. कदाचित त्याला गुण होता. कदाचित मी वर्षभर सांगितलेलं सगळं बरोबर होतं, आणि म्हणूनच ते वाईट झालं. मी ते पान बंद केलं आणि वर्गावर गेले. अलीकडे माझ्या मामेबहिणीच्या मुलीने मोबाइलवर मला अशाच एका प्रथिनाची आकृती दाखवली, ट्रिप्सिनच्या तोंडात बसलेली, बोटाने फिरवता येणारी. "किती सुंदर ना, मावशी?" ती म्हणाली. सुंदरच होती. मी तिला सांगितलं, चहा गार होतोय.

आई आता चौऱ्याऐंशीची आहे. कान गेलेत, गुडघे गेलेत, स्मरण मात्र शाबूत. आलेल्यागेलेल्याला ती अजून सांगते की माझ्या मुलीने औषध शोधलं होतं, समुद्रातलं, पण माझं नशीब फुटकं. नशीब का फुटकं ते सांगत नाही. मला वाटायचं, ते बाबांच्या जाण्याबद्दल आहे. गेल्या महिन्यात, सकाळी दहाच्या उन्हात, मी तिच्या पायाला तेल लावत बसले होते तेव्हा कळलं.

"नंदे, येक इचारू? खरं सांगशील?"

"विचार ना."

"तू ती पट्टी घेऊन आलीस त्या दिशी, सांजच्यालाच ओहोटी होती. मला कळत होतं. पन काळोख पडंल, आन ह्येंच्यापाशी कोन बसंल, म्हनून नाय गेले. सकाळच्याला शेजारनीला बसवून गेले." तिने पदर नीट केला. "सांजच्याला गेले असते तर वाचले असते काय गो?"

माझा हात तिच्या घोट्यावर थांबला. इतकी वर्षं तिच्या पोटात हे होतं. मी तिच्यापासून एक गोष्ट लपवत होते, आणि ती माझ्यापासून दुसरीच, नसलेली. मी खरं सांगायचं तर काय सांगू? की एक ओहोटी उशीर झाला नाही, एक ओहोटी लवकरही नको होतं, ते द्यायचंच नव्हतं? चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिला कुठल्या अपराधातून काढून कुठल्या अपराधात घालू?

"नाही," मी म्हटलं. "वाचले नसते."

"का? उशीर झाला म्हनूनच नाय ना लागू पडलं?"

"उशीर नव्हता झाला, आई. औषधच खोटं होतं."

तिला नीट ऐकू आलं नाही. मला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. "औषध खोटं होतं. माझी चूक झाली होती. पट्टीवर मी दाखवलं ते खरं नव्हतं."

आयुष्यात मी एकच गोष्ट स्वतः शोधली, आणि ती खरी होती. अजूनही कुणी त्या खडकांवरून चिकटी आणून तोच थेंब ठेवला तर पट्टी काळीच राहील. आई माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे पाणावले नव्हते. ती काहीतरी नव्याने लावून बघत होती, एकेक दिवस मागे जाऊन, आणि मला तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की कुठेतरी एक जड टोपली डोक्यावरून उतरतेय. मग तिने तेलाने माखलेला माझा हात स्वतःच्या हातात घेतला.

"असू दे गो," ती म्हणाली. "पोर होतीस. तुला तरी काय कळत होतं. मी कवा राग धरायची नाय तुज्यावर."

मी मान खाली घातली आणि तिने दिलेली माफी घेतली.